आंबा खा, पण ओठ झाका

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“डॉक्टर मॅडम, मी २९ वर्षांचा आहे. कोपरखैरण्यात राहतो आणि नेरुळच्या एका शाळेत पीटीचा शिक्षक आहे. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये आमचं उन्हाळी शिबिर असतं आणि नेमका तेव्हाच माझ्या खालच्या ओठावर, डाव्या कोपऱ्यात, पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. आधी मुंग्या येतात, मग आग, मग फोड, मग खपली. आई म्हणते, ताप फुटलाय, अंगातली उष्णता बाहेर पडतेय. आजी म्हणते, कोळी मुतला. म्हणून उन्हाळाभर आंबा, अंडी, चिकन बंद आणि सब्जा-गुलकंद चालू असतं, तरी फोड चुकत नाहीत. या वेळी केमिस्टने ‘हर्पिसची ट्यूब’ म्हणून मलम दिलं. घरी येऊन मोबाइलवर शोधलं तर भलतंच वाचायला मिळालं. माझा आजवर कुणाशीही शरीरसंबंध आलेला नाही, मग हे कुठून आलं? मेअखेरीस माझं लग्न आहे. होणाऱ्या बायकोला सांगू का? ती काय समजेल? ताईचं दीड महिन्याचं बाळ घरी आहे, त्याला घेऊ का? पुढच्या रविवारी भर दुपारी पाम बीच रोडला फोटोशूट ठरलंय. लग्नानंतर मनालीला जाणार आहोत, तिथे थंडी असल्यामुळे त्रास होणार नाही असं धरून चाललोय.”

नमस्कार सर,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण झोप उडवणारा एकच आहे, तो आधी घेते. तुम्ही काहीही वावगं केलेलं नाही. ओठावर वारंवार, त्याच जागी, मुंग्या येऊन उठणारे फोड बहुतेक वेळा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या पहिल्या प्रकाराचे, म्हणजे टाइप १चे असतात. हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच मिळतो. कुणी मावशीने गालाचा-ओठाचा पापा घेतला, कुणी आपल्या तोंडातला घास भरवला, एकाच पेल्यातून सगळी भावंडं प्यायली, एवढं पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नास वर्षांखालच्या साधारण दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात तो आहे. त्यातल्या पुष्कळांना आयुष्यभर एक फोडही येत नाही. मोबाइलवर तुम्ही जे वाचलंत ते मुख्यतः टाइप २बद्दल असणार. तो प्रामुख्याने जननेंद्रियांवर येतो आणि शरीरसंबंधातून पसरतो. दोघांचं आडनाव एक आहे, म्हणून केमिस्टच्या एका शब्दाने तुमची झोप उडाली.

एकदा शिरलेला हा विषाणू शरीरातून जात नाही. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूची एक गाठ कवटीच्या तळाशी, कानाच्या थोडी पुढे असते. तिथे तो निपचित पडून राहतो. अधूनमधून त्याच तंतूवरून खाली उतरतो, म्हणून तुमचा फोड दर वेळी डाव्या कोपऱ्यातच येतो. कोळ्याचा इथे काही संबंध नाही, आणि आजीला हे सांगताना तिचा मान राखून सांगा. कारण न कळता माणसं पिढ्यान्‌पिढ्या जे पाहत आली, त्याला त्यांनी दिलेलं ते नाव आहे.

आईचं निरीक्षणही अर्धं खरं आहे. उन्हाळा आणि फोड यांचं नातं आहेच. ताप, जागरण, सर्दी-पडसं, मनावरचा ताण यांनीही विषाणू जागा होतो, आणि लग्नाच्या धावपळीत हे सगळं एकदम येतं. पण तुमच्यासारख्या मैदानात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत मला पहिला संशय येतो तो उन्हावर. उन्हाच्या उष्णतेवर नाही, तर त्यातल्या अतिनील किरणांवर. हे दोन वेगळे विषय आहेत. उष्णता अंगाला जाणवते, अतिनील किरण जाणवत नाहीत. पोटातल्या आंब्याने तर ते वाढतही नाहीत आणि सब्जाने कमीही होत नाहीत. तेव्हा पहिला सल्ला हा, की हापूसचा मोसम असा वाया घालवू नका, आंबा खा. सब्जा आवडत असेल तर तोही प्या, पण औषध म्हणून नको.

आता हे किरण त्वचेत करतात काय, ते जरा सविस्तर सांगते. ते समजलं की पुढचे बरेच उपाय तुमचे तुम्हालाच सुचतील. त्वचेच्या वरच्या थरात पसरलेल्या फांद्यांसारखे हात असलेल्या पेशी असतात. १८६८ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन तरुणाने, वैद्यकीचा विद्यार्थी असतानाच, त्या पहिल्यांदा दाखवल्या. आज आपल्याला ठाऊक आहे की त्यांचं काम पहाऱ्याचं आहे. बाहेरून आलेला विषाणू ओळखायचा आणि लिम्फच्या गाठींपर्यंत जाऊन वर्दी द्यायची. त्वचेवर पुरेसं ऊन पडलं की यातल्या बऱ्याच पेशी आपली जागा सोडतात आणि काही दिवस तो भाग विरळ राहतो. शिवाय त्वचेच्या अगदी वरच्या थरात युरोकॅनिक आम्ल नावाचा पदार्थ असतो. अतिनील किरण शोषले की त्याच्या रेणूची घडण बदलते, आणि हा बदललेला रेणू प्रतिकारशक्तीला ‘आवर’ असा निरोप देतो. भाजलेल्या पेशींमधला डीएनए दुखावतो, त्या पेशीही इंटरल्युकिन-१० सारखी शांत करणारी रसायनं सोडतात. या सगळ्याचा परिणाम म्हणजे तेवढ्या भागाचा पहारा ढिला पडतो.

विषाणू तंतूवरून ओठापर्यंत एरवीही कधीकधी येतो, पण फोड उठण्याआधीच त्वचा त्याला निस्तरते. उन्हात दोन गोष्टी एकदम घडतात. भाजलेल्या ओठामुळे मज्जातंतूची टोकं डिवचली जातात आणि विषाणू जागा होतो, आणि तो वर येतो तेव्हा समोर अडवणारं कुणी पुरेसं नसतं. म्हणूनच फोड त्याच दिवशी उठेल असं नाही, तो सहसा दोन ते सात दिवसांत उठतो. रविवारी मॅच झाली आणि बुधवारी-गुरुवारी ओठ चुरचुरायला लागला, तर आपण मंगळवारच्या चिकनला दोष देतो. रविवारचं ऊन तोवर विसरलेलं असतं.

ओठच का, असंही तुमच्या मनात येईल. ओठाच्या लाल भागावरची त्वचा फार पातळ असते, तिच्यात रंगद्रव्य कमी आणि तेलाचा थर नगण्य. त्यात खालचा ओठ पुढे आलेला, आकाशाकडे तोंड करून. आपण सावळे म्हणून आपल्याला ऊन बाधत नाही, ही समजूत इथे उपयोगाची नाही. सावळ्या त्वचेला चटका उशिरा बसतो हे खरं, पण पहारा ढिला पडायला त्वचा लालबुंद होईपर्यंत भाजावीच लागते असंही नाही. त्याहून कमी उन्हातही तो ढिला पडतो.

हे वाचून तुम्ही विचाराल, की मग उन्हात जंतू मरतात ते खोटं का? खोटं नाही. मे महिन्यात गच्चीवर गाद्या, पापड, लोणच्याच्या बरण्या तापवायची आपली रीत चांगलीच आहे. निर्जीव वस्तूवर पडलेल्या विषाणूला अतिनील किरण निकामी करतात. पण जिवंत त्वचेत ते आधी त्वचेच्याच पेशींना लागतात, आणि मज्जातंतूच्या गाठीत कवटीखाली दडलेल्या विषाणूपर्यंत तर ते पोचतही नाहीत. गादी आणि ओठ यांना एकच न्याय लागत नाही. ‘ओठावर ऊन घे म्हणजे फोड सुकेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

शरीर असं का करतं, स्वतःचाच पहारा का उठवतं, हा प्रश्न मला स्वतःला फार मोलाचा वाटतो. उन्हाने बदललेल्या स्वतःच्याच पेशी प्रतिकारशक्तीला परक्या वाटू शकतात. तिने दर दुपारी त्यांच्यावर हल्ला चढवला तर आपल्याला घराबाहेर पडणंच अशक्य होईल. काही जणांत हे आवरणं नीट होत नाही. त्यांना उन्हात गेल्यावर हातांवर, मानेवर खाजरे पुरळ उठतात. आम्ही त्याला पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन म्हणतो, आणि माझ्याकडे मार्च उजाडला की असे पेशंट यायला लागतात. तेव्हा हे आवरणं ही त्वचेची चूक नाही, गरज आहे. सोरायसिस आणि कोडाच्या पेशंटना आम्ही मोजून-मापून यूव्ही-बी किरण देतो, तेही याच गुणाचा फायदा घेऊन. फरक फक्त मापाचा आणि जागेचा.

उन्हाचा आणि विषाणूचा संबंध लोकांना फार आधीपासून जाणवत होता. नील्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरने १८९३ मध्ये सुचवलं, की देवीच्या रोग्यांना लाल काचा-पडद्यांच्या खोलीत ठेवावं, म्हणजे प्रकाशातले तीव्र किरण अडतील आणि व्रण कमी राहतील. त्या उपायाचा गुण पुढे काही सिद्ध झाला नाही. फिन्सेनना १९०३ चं नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी, त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार करण्यासाठी. पण कांजिण्यांमध्ये आम्हाला आजही असं दिसतं, की नुकतंच उन्हाने भाजलेल्या भागावर, म्हणजे पाठीवर, खांद्यावर, फोड दाट उठतात आणि स्विमिंग कॉश्च्युमखालची जागा त्या मानाने मोकळी राहते. १९७०च्या दशकात अमेरिकेत मार्गारेट क्रिप्के यांनी उंदरांवर दाखवलं, की अतिनील किरणांनी झालेल्या कर्करोगाच्या गाठी निरोगी उंदरात बसवल्या तर त्याचं शरीर त्या फेकून देतं, पण किरण दिलेल्या उंदरात त्या रुजतात. तिथून हा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला.

आणि तुमच्या ओठाशी थेट संबंध असलेला प्रयोग ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९१ साली छापून आला. ज्यांना वारंवार असे फोड येत त्यांच्या ओठाला प्रयोगशाळेत मोजून अतिनील किरण दिले. साधं मलम लावून किरण दिले तेव्हा दहातल्या सुमारे सात जणांना फोड आले. सनस्क्रीन लावून दिले तेव्हा कुणालाच आले नाहीत. अर्थात मैदानात घाम येतो, आपण पाणी पितो, ओठ चाटतो, शर्टाच्या बाहीने तोंड पुसतो, त्यामुळे तिथे इतका चोख परिणाम मिळत नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

आता कामाचं. तुमच्याकडे सगळ्यात भरवशाचं यंत्र मैदानातच आहे, तुमची सावली. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली, की अतिनील किरण जोरात आहेत असं समजायचं. ठाणे-नवी मुंबईत मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे आपला शून्य सावलीचा दिवस. तेव्हा घड्याळात बारा नाही, साडेबारा उलटून गेलेले असतात. त्या दिवसांत सावली साधारण सकाळी साडेनऊला आखूड होते आणि दुपारी पावणेचारपर्यंत तशीच राहते. शिबिर आठ ते अकरा असेल, तर हेडसरांशी बोलून सात ते साडेनऊ करून घ्या. तुमच्या एका ओठासाठी नाही, त्या शंभर पोरांसाठीही. ते जमलं नाही तर साडेनऊनंतरचे खेळ झाडाखाली किंवा शेडमध्ये घ्या.

ओठाला एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेला लिप बाम लावा. मैदानात उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी, आणि पाणी किंवा चहा प्यायलात की लगेच पुन्हा. लिप बाम म्हणजे मुलींचं काम, असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणेल. त्याला क्रिकेटपटूंच्या ओठ-नाकावरचा पांढरा लेप दाखवा. तो झिंक ऑक्साइडचा असतो आणि अतिनील किरण छान अडवतो. तुम्हीही तोच लावलात तरी चालेल, उलट पोरं तुमचं बघून लावतील. डोक्यावर कॅपपेक्षा चारी बाजूंनी कड असलेली टोपी बरी. ढगाळ हवेवर विसंबू नका, पातळ ढगांतून बहुतेक किरण खाली येतातच.

फोटोशूट संध्याकाळी पाचनंतर घ्या. मेमध्ये सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, दोन तास मिळतात, आणि फोटोग्राफरलाही तो उजेड भर दुपारपेक्षा नक्की आवडेल.

मनालीबद्दल मात्र तुमचा अंदाज उलटा आहे, म्हणून हे नीट वाचा. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. मनाली दोन हजार मीटरवर, रोहतांग खिंड चार हजारांच्या जवळ. वर ताजा बर्फ या किरणांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ओठाला वरूनही ऊन आणि खालूनही ऊन. आपल्या समुद्रकाठची कोरडी वाळू फार तर पंधरा टक्के परतवते. हवा गार असते, म्हणून चटका कळत नाही आणि माणूस तासन्‌तास बर्फात खेळतो. फोड उष्णतेने आले असते तर बर्फात स्की करणाऱ्यांना ते आलेच नसते. प्रत्यक्षात त्यांना ते इतके येतात, की प्रतिबंधक गोळ्यांचा अभ्यासच त्यांच्यावर झाला. तेव्हा मनालीत टोपी, मफलर आणि लिप बाम नेरुळपेक्षाही जास्त काटेकोरपणे वापरा.

औषध वेळेवर घेतलं तरच गुण येतो. मुंग्या आल्या त्याच तासात गोळी सुरू करायची असते, फोड फुटून खपली धरल्यावर नाही. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलसायक्लोव्हिर या त्या गोळ्या. दुसरीचा मोठ्या माणसांसाठी एकाच दिवसाचा कोर्स असतो, बारा तासांच्या अंतराने दोन वेळा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलावी लागते, म्हणून ती डॉक्टरकडूनच लिहून घ्या. ऊन हेच कारण आहे अशी खात्री पटली, तर लग्नाच्या आणि सहलीच्या दिवसांपुरत्या प्रतिबंधक गोळ्याही देता येतात. मलमाचा उपयोग गोळीपेक्षा बराच कमी. केमिस्टने दिलेल्या ट्यूबवरचं नाव वाचा. त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल असलं काही, म्हणजे स्टिरॉइड असेल, तर ती वापरू नका. आधीच ढिला पडलेला पहारा त्याने आणखी ढिला पडतो. चुना, टूथपेस्ट, लिंबूही नको. खपली कोरडी पडून तडकत असेल तर साधं व्हॅसलीन किंवा घरचं तूप लावा, पण स्वच्छ बोटाने, आणि नंतर हात धुवा.

बाळाच्या बाबतीत मी अजिबात सूट देणार नाही. पहिल्या काही आठवड्यांत या विषाणूचा संसर्ग बाळाच्या जिवावर बेतू शकतो. मुंग्या सुरू झाल्यापासून खपली पडून खालची त्वचा पूर्ण भरेपर्यंत बाळाचा पापा घ्यायचा नाही, त्याला तोंडाजवळ धरायचं नाही. एरवीही तान्ह्या बाळाचा तोंडावर पापा कुणीच घेऊ नये, मग तो मामा असो की आत्याबाई. लग्नघरात पाहुण्यांची रीघ लागेल, तेव्हा हे ताईला आधीच सांगून ठेवा. आणि शाळेतली शिट्टी! शिबिरात शिक्षकाची शिट्टी मुलांच्या हातात, तिथून तोंडात जाते, हे मी माझ्या मुलाच्या शाळेत पाहिलंय. तुमची शिट्टी तुमच्या गळ्यातच राहू द्या. पाण्याची बाटली, टॉवेल यांचंही तेच. कुस्ती-कबड्डी घेत असाल, तर तोंडावर ताजे फोड असलेल्या मुलाला तेवढे दिवस बाजूला बसवा.

होणाऱ्या बायकोला सांगा. लग्नाच्या मांडवात फोड दिसल्यावर नाही, आजच, नीट बसून. असं म्हणता येईल: “मला उन्हात गेलं की ओठावर फोड येतात. हर्पिस म्हणतात, लहानपणीच लागलेला विषाणू आहे, बहुतेकांमध्ये असतो. फोड असेल तेवढे दिवस मी तुझ्या ओठांपासून लांब राहीन.” तिलाही तो लहानपणीच मिळालेला असण्याची शक्यता बरीच आहे. फोड असताना चुंबन नाही आणि मुखमैथुनही नाही, कारण टाइप १ तिथून जननेंद्रियांवर जाऊ शकतो. फोड नसतानाही विषाणू कधीकधी थोडा बाहेर येतो, हेही लपवू नका. पण तेवढ्यासाठी कुणी संसार थांबवत नाही. दोघांनी घाबरून लॅबमध्ये रक्ततपासणी करायला जाऊ नका. आयजीजी टेस्ट, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी, अर्ध्याहून अधिक लोकांची पॉझिटिव्ह येते आणि त्यातून नवं काहीच कळत नाही.

पत्रावरून मी अंदाज बांधू शकते, ओठ पाहू शकत नाही. म्हणून या आठवड्यात जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवा आणि गोळ्यांची चिठ्ठी मनालीला निघण्याआधीच घेऊन ठेवा. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, हा विषाणू बुबुळाला इजा करतो. वर्षातून सहापेक्षा जास्त वेळा फोड येत असतील तर रोजच्या गोळीचा विचार करता येतो. आणि ओठावरचा कुठलाही व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर त्याला ताप फुटला म्हणून सोडून देऊ नका, विशेषतः तंबाखू-मशेरीची सवय असलेल्या घरातल्या मोठ्यांचा. तो व्रण वेगळा असू शकतो आणि तो तपासूनच घ्यायला हवा.